गोल अजून मोकळा आहे

मी, खाली सही करणारा, शिलाई मशिनांचा दुरुस्तीवाला, वय एकसष्ट, पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्याही दडपणाखाली न येता, परंतु अतिशय घाबरलेल्या अवस्थेत हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. घाबरलेल्या माणसाचे मृत्युपत्र कायद्याने चालते, याची वकिलांकडून दोनदा खात्री करून घेतली आहे. उद्या माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाले, "काळजी करू नका, आमचं रोजचंच काम आहे." मीही गिऱ्हाइकांना हेच सांगतो, आणि कधीकधी मशीन परत चालू होत नाही.

१. राहते घर, त्यातील सामान आणि बँकेतील शिल्लक माझ्या एकुलत्या एक मुलीला मिळावी. कपाटाचा खालचा खण जरा उचलून ओढावा लागतो. ओढताना माझ्या नावाने बोटे मोडू नयेत.

२. दुकानातील पेचकस, चिमटे, तेलाच्या कुप्या व सुटे भाग शेजारच्या शिंपीणबाईंना द्यावेत. इतकी वर्षे मशीन बिघडवून त्यांनी माझे पोट भरले. आता बिघडवावे आणि आपणच निस्तरावे.

३. माझी शिडी मेहुण्याने एका दिवसासाठी नेली होती. तो दिवस अजून मावळलेला नाही. ती शिडी मी त्याला या कलमाने रीतसर देत आहे. हक्काची झाल्यावर तिच्यातली सगळी मजा जाईल, एवढीच माझी इच्छा.

४. आता मुख्य गोष्ट. हे कलम मुलीने खाली बसून वाचावे.

माझ्या फोनवर आमच्या फुटबॉल संघाच्या चाहत्यांचा एक ग्रुप आहे. आमचा संघ जन्मभर हरत आला, त्यामुळे माणसे एकमेकांना धरून राहिली. तिथे कोणी खऱ्या नावाने नसते. मी हातमोजा, कारण तरुणपणी कारखान्याच्या संघात गोलकीपर होतो. आमच्यातले कोणी गेले की त्याला 'वरच्या संघात' जागा मिळते, कोणाला बचावात, कोणाला आघाडीला. जागा ठरवण्याचे काम माझ्याकडे आहे. हंगामाच्या शेवटच्या सामन्याला, खेळ सुरू होताच, त्या संघाची हजेरी होते. एकेक नाव येते आणि त्याच्या घरचे माणूस 'हजर' असे लिहिते. कोपरा नावाचा आमचा एक गडी होता, मैदानात कायम कोपऱ्यातच बसायचा. त्याच्या बायकोला फोनवर लिहिता येत नाही. ती हात वर केल्याचे चित्र पाठवते. ते आले की मी चष्मा पुसायला घेतो.

मुलगी मला एकदा म्हणाली होती, "बाबा, ज्यांना तू कधी पाहिलंही नाहीस त्यांच्यासाठी रडतोस?" हो, रडतो. तुझी आई गेल्यावर रोज सकाळी "उठलास का रे" हे त्यांनीच विचारले.

ग्रुपवर शिट्टी नावाच्या बाई आहेत, निवृत्त खेळशिक्षिका. त्यांना सगळ्याच गोष्टींची घाई. आमचा मिशी बरेच दिवस दिसेना, तेव्हा तो गेल्याचे त्यांनी जाहीर करून टाकले. श्रद्धांजल्या झाल्या, मी त्याला डाव्या बचावात उभा केला. मिशी फक्त पासवर्ड विसरला होता. परत आला, सगळे वाचून काढले आणि म्हणाला, "रडलात ते ठीक आहे, पण मला आघाडीला का नाही घेतलं?" जागा मात्र त्याने सोडली नाही. पुढे दोन हंगाम आपल्या नावापुढे तो आपणच 'हजर' लिहीत असे. तिसऱ्या हंगामाला कोणीच लिहिले नाही.

मिशीच्या त्या खोट्या श्रद्धांजलीपासून नियम आहे की घरून कळवल्याशिवाय कोणी गेला असे मानायचे नाही. म्हणून मुली, तू कळव. नाहीतर हातमोजा रुसला असेल असे समजून ते वाट बघत बसतील.

५. वरच्या संघात दहा जागा भरल्या आहेत. गोल मोकळा आहे. शिट्टीबाई एकदा म्हणाल्या, "गोलकीपर अजून खालीच अडकलाय." सगळे हसले. मीही हसलो आणि माझे हात गार पडले. ते मी विसरलेलो नाही.

मला गोलात उभे करू नये. राखीव बाकावर बसवावे. मला भीती वाटते. गोलकीपर एकटा असतो. खेळ लांब चाललेला असतो, त्याला सगळ्यांच्या पाठी तेवढ्या दिसतात, आणि बॉल येतो तेव्हा मदतीला कोणी नसते. भूल देताना आकडे मोजायला लावतात म्हणे. माझा शेवटचा शब्द 'सात' निघाला तर? झोपेत गेलो तर मी गेलो हे मला कोण सांगणार? बाकावर निदान शेजारी कोणीतरी बसलेले असते.

६. हे कलम मागाहून जोडले आहे. साक्षीदार म्हणून मी शिट्टीबाईंनाच बोलावले होते. प्रत्यक्ष भेट पहिलीच. स्वतःचे पेन घेऊन आल्या. सगळे उभ्यानेच वाचले, शिडीपाशी खो खो हसल्या आणि पाचव्या कलमाला खुर्ची ओढून बसल्या.

"अहो हातमोजासाहेब, आपले दहा जण इतकी वर्षं मोकळ्या गोलापुढे खेळतायत. किती गोल खाल्ले असतील, विचार केलात?"

मी म्हणालो, "मला फार भीती वाटते हो."

"वाटणारच. न घाबरणारा गोलकीपर गोल सोडून पुढे पळतो. आणि त्या पाठी म्हणताय ना, त्या ओळखीच्या आहेत की."

मी चष्मा पुसायला घेतला. त्यांनीच उठून पाणी दिले.

सबब कलम पाच रद्द समजावे. गोलात हातमोजा. घाई अजिबात नाही. ऑपरेशन पार पडल्यास मिशीप्रमाणे माझी हजेरी मी स्वतः लिहीन. न पडल्यास ती मुलीने लिहावी. शब्द एकच आहे. लिहिताना अक्षर वाकडे आले तरी चालेल, माझी खालची सही पाहा.

ठिकाण: स्वयंपाकघरातील टेबल
तारीख: ऑपरेशनच्या आदला दिवस, बुधवार

सही: हातमोजा

साक्षीदार:
१. समोरचे चष्मेवाले. (मजकूर वाचलेला नाही. चष्मा दुकानात राहिला.)
२. शिट्टी. सही माझ्यासमोर झाली. या वेळी मी काहीही जाहीर करणार नाही. शुक्रवारी सकाळी "उठलास का रे" असे मी विचारीन, आणि उत्तर येईपर्यंत गोल मोकळा ठेवीन.