प्लंबर येतो म्हणालाय

३ मार्च, सोमवार
नव्या शहरातली पहिली सकाळ. कंपनीने बदली केली म्हणजे माझ्यावाचून इथलं काम अडलं होतं हे उघड आहे. जुन्या ऑफिसात शेजारच्या टेबलावरचा म्हणत होता की इथे यायला दुसरं कुणी तयारच नव्हतं. जळतो मेला.

बायको आणि लेक अजून तिकडेच. ठरलंय असं, की मी पुढे येऊन घर लावायचं. बावीस तारखेला दोघी बघायला येणार. घर चालू अवस्थेत दिसलं, तर एकतीसला बायको शाळेत राजीनामा देणार. नाही दिसलं, तर आणखी एक वर्ष ती तिकडे आणि मी इकडे. ती गणित शिकवते, त्यामुळे बोलण्यात जर-तर फार. दुसऱ्या 'तर'चा प्रश्नच येत नाही.

संकल्प: आठवडाभरात सगळ्या सर्व्हिसेस लावून टाकणे. प्लंबर, इंटरनेट, डॉक्टर, न्हावी. माणसं जोडण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

स्वयंपाकघरातला नळ थोडा गळतो. किरकोळ.

४ मार्च, मंगळवार
समोरच्या फ्लॅटमधल्या काकू चहाचा थर्मास घेऊन आल्या. काही लागलं तर सांगा म्हणाल्या, प्लंबर-बिंबर सगळ्यांचे नंबर आहेत. मी नम्रपणे नाही म्हटलं. दुसऱ्याच दिवशी शेजाऱ्यांच्या नंबरांवर जगायला लागलो तर माझं नेटवर्क कधी उभं राहणार? काकूंना 'नेटवर्क' म्हणजे मोबाइलची रेंज वाटली. गॅलरीत चांगली येते म्हणाल्या.

चहा चांगला होता. नळ टप् टप्.

५ मार्च, बुधवार
झोप नाही. गादी हॉलमध्ये आणली. तिथेही ऐकू येतं. परत बेडरूममध्ये नेली.

सकाळी शांतपणे रिसर्च. शेवटी एक प्लंबर निवडला. रेटिंग उत्तम. एका गिऱ्हाइकाने लिहिलं आहे: 'स्वभाव फार चांगला. वाट बघतोय.' स्वभाव महत्त्वाचा.

फोन केला. 'निघालोच' म्हणाला. नुसतं 'निघालो' नाही, 'निघालोच'. त्या 'च'मध्ये माणसाचा शब्द असतो. ऑफिसात अर्धी रजा टाकली.

५ मार्च, संध्याकाळ
आला नाही. ट्रॅफिक असेल.

७ मार्च, शुक्रवार
प्लंबर काल 'पोचतोच' म्हणाला, आज 'खालीच आहे'. खाली गेलो. वॉचमन होता. त्याने मला विचारलं, कुणाकडे जायचंय? मी इथेच राहतो म्हटलं. बरं म्हणाला, पण चेहऱ्यावर विश्वास दिसला नाही. ओळख वाढवायला हवी.

८ मार्च, शनिवार
आला! मी म्हणत नव्हतो?

अतिशय सज्जन माणूस. बेसिनखाली आडवा झाला, दोनदा 'अरेरे' म्हणाला, एकदा 'कुणी बसवला हो हा?' म्हणाला. मग व्हॉल्व्ह बंद करून नळच काढला. असा नळ हल्ली मिळत नाही, बरोबर नेतो आणि बघून अगदी असाच आणतो म्हणाला. नळ पिशवीत टाकला. दारात चपला घालताना म्हणाला, 'बरं, येतो.'

येतो! परत यायचं नसतं तर 'जातो' म्हणाला असता. शिवाय नळ त्याच्याकडे आहे. दुसऱ्याचा नळ घेऊन माणूस जाणार कुठे?

टपटप पूर्ण थांबली आहे. पाणीच नाही. म्हणजे मुख्य तक्रार दूर झाली.

बायकोला फोन करून सांगितलं, प्लंबर झाला. तिने विचारलं, झाला म्हणजे? येतो म्हणालाय, म्हटलं. त्यावर ती म्हणाली, येतो म्हणजे येतो, की येतो म्हणजे गेला? माणसावर विश्वास ठेवायला शिकायला हवं तिने.

९ मार्च, रविवार
न्हाव्याकडे गेलो. खुर्चीत बसतो न बसतो तोच त्याने विचारलं, 'नेहमीसारखेच ना?' मला भरून आलं. आठवडा झाला नाही आणि या शहरात माझं 'नेहमीसारखं' तयार झालं. हो म्हटलं.

मग शेजारच्या खुर्चीतल्या माणसालाही त्याने तेच विचारलं. तो खरंच नेहमीचा असणार.

केस फारच बारीक झाले आहेत. कानांवरचे तर शोधावे लागतील. नेहमी असे ठेवायला हरकत नाही.

दिवसभर घरीच थांबलो. प्लंबर येऊन दार वाजवून गेला तर? जेवायलाही बाहेर पडलो नाही. बिस्किटं.

११ मार्च, मंगळवार
इंटरनेटवाला येऊन गेला. वायर दारापर्यंत आणली आहे. भिंतीला भोक पाडायला घरमालकाची परवानगी लागते, घरमालक परगावी. वायर दाराबाहेर लोंबकळते आहे. तरी नव्याण्णव टक्के इंटरनेट आलं असं म्हणायला हवं.

वॉचमनने वायर कुणाची म्हणून विचारलं. माझी, म्हटलं. तुम्ही कुणाकडे आला आहात, म्हणाला. केसांमुळे ओळखलं नसेल.

१२ मार्च, बुधवार
डॉक्टर लावला. आजारी पडून धावाधाव करण्यापेक्षा आधीच ओळख करून घेणं शहाणपणाचं. तासभर रांगेत बसलो. काय होतंय, विचारलं. काही नाही, ओळख करून घ्यायला आलो, म्हटलं. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मग बी.पी. घेतलं. वाढलेलं निघालं. झोप लागते का, विचारलं. नळाचं सांगितलं. नळ बदला म्हणाले. नळच नाही म्हटल्यावर त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

हुशार वाटले. फॅमिली डॉक्टर म्हणून पक्के.

१३ मार्च, गुरुवार
व्हिडिओ कॉल. वायर अजून बाहेरच, त्यामुळे मोबाइलच्या रेंजसाठी गॅलरीत उभा होतो. (काकूंचं बरोबर होतं. योगायोग.) बायकोने घर दाखव म्हटलं. आत येऊन तुटक रेंजवर हॉल दाखवला, बेडरूम दाखवली, स्वयंपाकघरावरून मोबाइल जरा चपळाईने फिरवला. तरी तिने बाथरूममध्ये कपबशा पाहिल्याच. तिथे का, विचारलं. प्रशस्त वाटतं, म्हटलं. लेकीने विचारलं, बाबा, तुझे केस कुठे गेले?

बायको शेवटी म्हणाली, खरं सांग, सगळं ठीक आहे ना? म्हटलं, सगळं सेट. 'सेट' हा शब्द चांगला आहे. खोटंही होत नाही आणि काळजीही वाढत नाही.

१६ मार्च, रविवार
प्लंबर फोन उचलत नाही. गाडी चालवत असेल, म्हणजे वाटेत असेल.

घरात चैन पडत नाही. टेबल खिडकीकडे सरकवलं. परत भिंतीकडे. लिफ्टचं दार वाजलं की पळत जाऊन पीपहोलला डोळा लावतो. काकू कचरा ठेवायला आल्या होत्या. दारापाठीमागे माझी सावली दिसते म्हणाल्या. दार उघडायला लागलं. नळाचं काही झालं का, विचारलं. प्रोसेसमध्ये आहे म्हटलं. नंबर देऊ का, म्हणाल्या. नको म्हटलं. आता माणूस बदलला तर त्याला काय वाटेल? आणि नळ?

१९ मार्च, बुधवार
फोन उचलला! 'तुमचंच काम करतोय' म्हणाला. मागे ठोकाठोकी ऐकू येत होती. माझा नळ हातात असताना कशावर ठोकत असेल?

संकल्प: उद्या कडक बोलणे.

२० मार्च, गुरुवार
कडक बोललो. उचलला नव्हता, पण बोललो.

२१ मार्च, शुक्रवार
उद्या दोघी येणार. बाथरूममधून स्वयंपाकघरात पाच बादल्या वाहिल्या. कपबशा परत बेसिनपाशी मांडल्या. नळाच्या जागेवर एक छोटी कुंडी अशी ठेवली की भोक दिसत नाही. खूप छान दिसतं. नळ नाही हे कुणाला कळणारसुद्धा नाही.

२२ मार्च, शनिवार
दोघी आल्या. घ्यायला खाली गेलो. वॉचमनने मला वर सोडलं नाही, पण बायकोला लगेच सोडलं. तिने आत्मविश्वासाने फ्लॅट नंबर सांगितला. मी सांगताना अडखळतो, तेवढाच फरक.

बायको आत आली आणि हात धुवायला थेट स्वयंपाकघरात गेली. कुंडी उचलली. भोकाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, येतो म्हणालाय.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती समोर गेली. दहा मिनिटांत काकूंकडून इस्त्रीवाला, पेपरवाला, लेकीसाठी चित्रकलेचा क्लास, सगळं घेऊन आली. प्लंबरचा नंबरही. बघतो तर माझाच प्लंबर! मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. निवड बरोबर होती, म्हटलं.

काकूंनी त्याला आमच्यासमोरच फोन लावला. 'येतो' म्हणाला. काकूंनी लगेच विचारलं, 'कधी?' मग म्हणाला, नळ मागवलाय, पुढच्या शनिवारी. काकूंनी फोन ठेवून मला समजावलं, अहो, माणूस गुणाचा आहे, पण 'येतो' म्हणाला की त्याला तसाच सोडायचा नाही, 'कधी' विचारायचं. 'कधी' न विचारलेलं 'येतो' म्हणजे नुसता रामराम.

एवढं साधं मलाही सुचलं असतं.

२३ मार्च, रविवार
बायको काल जेवताना बोलली नाही. आज सकाळी बोलली. म्हणाली, नळ नाही याचं मला काही नाही. आधी सांगितलं असतंस तर येताना पिशवीत टाकून नळ आणला असता. पण तू 'सगळं सेट' म्हणालास. आता तू जे जे म्हणशील त्याच्यामागची कुंडी मला उचलून बघावी लागणार. नोकरी सोडायची ती कशाच्या भरवशावर?

मी म्हटलं, शनिवारी नळ येतोय. ती म्हणाली, मी नळाबद्दल बोलतच नाहीये.

पण मुद्दा नळाचाच आहे. नळ बसला की सगळं जागेवर येईल.

दुपारी निघाल्या. लेकीने वायर ओढून बघितली आणि टाटा केला. बायको दारात थांबली, चप्पल घातली आणि म्हणाली, 'जाते.'

'येते' नाही. 'जाते'. आमच्या घरात मयताला निघालेला माणूससुद्धा 'येतो' म्हणून उठतो.

२४ मार्च, सोमवार
शांतपणे विचार केला. प्लंबर 'येतो' म्हणाला आणि आला नाही. याचाच अर्थ 'जाते' म्हणणारी नक्की येणार. तिच्याच विषयाप्रमाणे सिद्ध होतं. उगाच घाबरलो.

२५ मार्च, मंगळवार
सिद्ध होतं, पण झोप येत नाही. टपटप बंद आहे तरी. बहुधा त्यामुळेच.

गादी स्वयंपाकघरात आणली.

२७ मार्च, गुरुवार
फोन केला तर लेकीने उचलला. आई पेपर तपासते आहे म्हणाली. तिला विचारलं, आई काही म्हणाली का? हो म्हणाली, पाय पुसून ये म्हणाली.

घर फार मोठं आहे. तीन खोल्यांचं इतकं मोठं घर मी पाहिलं नव्हतं. मला त्या दोघी इथे हव्या आहेत. वहीत लिहायला हरकत नाही. फोनवर असं बोलता येत नाही, रेंज नसते.

२९ मार्च, शनिवार
प्लंबर आला. सांगितलेल्या वेळी. नवा नळ बसवला, व्हॉल्व्ह उघडला, धो धो पाणी. मला त्याला मिठी मारावीशी वाटली. निघताना चपला घालत म्हणाला, 'येतो.' मी एकदम त्याचा दंड धरला आणि सांगितलं, येतो नका म्हणू, जातो म्हणा. तो घाबरला. असं अभद्र बोलू नये साहेब, म्हणाला. आणि गेला.

लगेच बायकोला फोन. नळ बसला म्हटलं. छान म्हणाली. आता सगळं... म्हणताना बेसिनकडे लक्ष गेलं. टप्.

सगळं सेट म्हणणार होतो. जीभ तयारच होती. पण तिने विचारलं, गळत नाही ना? आणि मी म्हटलं, गळतोय. थोडा. पहिल्यापेक्षा कमी नाही. न्हावी चांगला नाही. इंटरनेट दाराबाहेर आहे. वॉचमन मला ओळखत नाही. बी.पी. वाढलंय. कपबशा बाथरूममध्ये होत्या त्या नळ नव्हता म्हणून.

पलीकडून हसल्यासारखा आवाज आला. म्हणाली, खाली बादली ठेव. तेवढ्यात मागून लेकीने 'आई!' अशी हाक मारली. बायको म्हणाली, 'येते', आणि फोन बंद झाला.

मी शांतपणे विचार केला. फोनवर निरोप घेताना बायको 'ठेवते' म्हणते, 'येते' कधीच म्हणत नाही. म्हणजे हे खरंखुरं 'येते' आहे. पण ते मला होतं की लेकीला?

परत लावला. उचलत नाही.

बादली ठेवली आहे. 'कधी' विचारायचं राहिलं.