पाथरीची जुडी

दौंड,
१४ डिसेंबर २०२४

ती. साखरवन्संना,
सुलक्षणाचा नमस्कार.

इकडे सगळे बरे आहेत. स्वराजची मुलगी आज नऊ दिवसांची झाली. धनश्रीला दूध कमी पडतंय, हे स्वराजनं तुम्हाला फोनवर सांगितलं असावं. काल तुमचा भिमा शिरूरहून गाडीवर आला आणि पाथरीची जुडी दिली. नेहमीसारखी विळ्यानं कापलेली, मूळ बांधावरच ठेवून. दोन दांड्यांवर पिवळी फुलं होती. ती मी पेल्यात ठेवली, पण दुपारच्या आत मिटली.

भाजी लसूण घालून केली. धनश्रीनं भाकरीबरोबर खाल्ली, मीही घासभर घेतली. किंचित कडू, अगदी पूर्वीसारखी.

पूर्वीसारखी असं लिहून गेले खरी, पण वन्सं, मी ती आधी कधी खाल्लीच नव्हती.

स्वराजच्या वेळी तुम्ही इथं जवळच मळ्यात राहायचात. बाळंतिणीला दूध येतं म्हणून रोज सकाळी आमच्या क्वार्टरवर पाथरी आणायचात. देठ मोडला की पांढरा चीक यायचा, रुईसारखा. मला तो विषारी वाटला. कॉन्व्हेंटात वनस्पतींची चित्रं काढून बक्षिसं मिळवलेली मी, तुम्हाला विचारायला लाजले. जुडी मागच्या दारानं शेजारच्या शेळीला घालायचे आणि तुम्हाला "खाल्ली" म्हणायचे.

पुढं बाटली आली. ती मी नीट उकळत नव्हते. बाळाला जुलाब लागले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, साखरच्या पाल्यानंच झालं. मी गप्प बसले. बारशाला सख्खी आत्या दारात उभी आणि बाळाच्या कानात नाव सांगितलं शेजारच्या मुलीनं. तुम्ही शिवून आणलेली कुंची उंबऱ्यावर ठेवून निघून गेलात. तेव्हाही मी गप्पच.

काल भिमा निघताना म्हणाला, "मामी, आईचा निरोप हाय. या बारीला शिजवून खाऊ घाला म्हनली."

तेव्हापासून मला काही सुचत नाही. या बारीला म्हणजे काय? तुम्ही त्या शेळीपुढं पानं पाहिली होतीत का? पाहूनही चौतीस वर्षं कुणाला बोलला नाहीत? की बाई शहरी, कच्चीच वाढेल, एवढंच तुमच्या मनात होतं? कधी एक खरं वाटतं, कधी दुसरं. तुम्हाला माहीत नसावं असं वाटतं, आणि माहीत असावं असंही वाटतं.

आज सकाळी स्टेशनामागच्या बांधावर पाथरी शोधायला गेले. पिवळी फुलं बरीच होती. त्यातली पाथरी कुठली, ते मला ओळखता आलं नाही. रिकाम्या हातांनी परत आले.

पुढच्या रविवारी, बावीस तारखेला, बारसं आहे. स्वराजला बहीण नाही, म्हणून कानात नाव सांगायचा मान तुमचा. हे सगळं स्वराजला आज संध्याकाळी सांगेन, आणि रविवारी चार बायकांसमोर. तुम्ही आलात तरी, न आलात तरी. कुंची मी जपून ठेवली आहे. स्वराजला कधी घातली नाही.

नाव आम्ही कुणी ठरवलेलं नाही. तुम्ही येईपर्यंत बाळाला नुसतं बाळच म्हणू.

उंबऱ्याच्या आत गप्प राहिलेली तुमची भावजय,
सुलक्षणा