मी खोडलेलं फडकं

आई, परवाच्या पत्रात मी तुला लिहिलं की पुस्तिकेतली एक ओळ छापखान्यात गळाली. ते खोटं आहे. ती ओळ मीच खोडली होती.

शाळेच्या आधी मी तुझ्याच हाताखाली शिकले. जनावराच्या जखमेत अळ्या पडल्या की सीताफळाचा पाला, गोचिडांना त्याच्याच बिया. शिरूरच्या आपल्या अंगणात तू बिया वाटून तेलात कालवायचीस, आधी शेळीला चोळायचीस आणि उरलेलं माझ्या उवांना. त्याआधी शेळीच्या डोळ्यांवर फडकं, माझ्याही. एकदा मी ते वर सारलं तसा पाठीत धपाटा बसला. "बियांतली म्हातारी डोळ्यात शिरती! गुमान बस. त्या शेळीला तुज्यापरीस अक्कल हाय."

बचत गटाच्या पुस्तिकेसाठी तुझी औषधं उतरवताना मी या म्हातारीपाशी अडखळले. शिकलेल्या बाईनं अंधश्रद्धा कशी छापायची? म्हणून म्हातारी खोडली, आणि तिच्याबरोबर फडकंही.

मंगळवारी गटातल्या एकीचा फोन आला. माझं पान वाचून तिनं आठ वर्षांच्या लेकीचं डोकं चोळलं होतं. धुताना ते पाणी डोळ्यांत उतरलं. मी लातूरच्या दवाखान्यात पोचले तेव्हा ती पोर दोन्ही डोळे बांधून बसली होती, हात मांडीवर, अगदी गुमान. डॉक्टर म्हणाले, बुबुळं भाजलीत, उजव्या डोळ्याचं आत्ता सांगता येत नाही. तिची आई माझाच हात धरून रडत होती, "ताई, कागदात डोळ्याचं काईच न्हवतं. माजाच हात चुकला बगा." मी म्हणाले, छापखान्यानं घोळ केला. लगेच सगळ्या बायकांना फोन करून ते पान फाडायला लावलं, तेही छापखान्याच्याच नावावर.

म्हातारी म्हणजे काय, ते तुला ठाऊक होतं. माझ्यासारख्या सात वर्षांच्या पोरीला कळेल असं तू सांगितलंस, आणि मी ते तिथंच टाकून मोठी झाले. उलट तुझ्या भाबडेपणाची मला थोडी लाजच वाटायची.

मागचं पत्र तुझ्या बिया वाटायच्या पाट्याखाली आहे, हेही तिथंच जाईल. तू आता या जगात नाहीस, वाचणार नाहीस हे माहीत असूनही मी तुझ्याशी खोटं बोलले. सोमवारी पोरीच्या डोळ्यांवरची पट्टी सोडणार आहेत. तिला किती दिसतं ते कळायच्या आधी, रविवारी सकाळी, मी तिच्या आईला खरं सांगणार आहे.