ब तुकडीचा बाण

३ ऑगस्ट

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तब्येत बरी आहे, मेसचं जेवण कसंबसं घशाखाली उतरतं. काळजी करायचीच तर दुसऱ्या गोष्टीची कर.

काल प्रयोगशाळेत सरांनी विचारलं, नायट्रोजन आणि ऑक्सिजन, कुणाचा इलेक्ट्रॉन काढणं जास्त अवघड? आवर्तसारणीत डावीकडून उजवीकडे तो काढायला लागणारी ऊर्जा वाढतच जाते, वर्गात तू फळ्यावर काढायचीस तो लाल खडूचा बाण डोळ्यांपुढे होताच. मी छातीठोकपणे सांगितलं, ऑक्सिजन. सगळे हसले. माझ्या खोलीत राहणारी, आपल्याच शाळेच्या अ तुकडीतली मुलगी उठली आणि नायट्रोजन म्हणून कारणासकट सांगून मोकळी झाली. कुठे शिकलीस विचारल्यावर म्हणाली, शाळेत, बाईंनी अपवाद शिकवले होते.

बाई म्हणजे तू. मग आम्हा ब तुकडीला का नाही? आम्हाला तर म्हणायचीस, बाण पाठ करा, तो कधी दगा देत नाही. सख्ख्या मावशीने मला तोंडघशी पाडलं.

उत्तराची वाट पाहते.
ठमी

९ ऑगस्ट

चि. ठमीस,
अ. उ. आ.

पत्र वाचता वाचता चहा निवला. अगं, एवढंसं काय मनाला लावून घेतेस? ब तुकडीत पंचावन्न मुलं, निम्म्यांना कार्बन कुठे बसतो ते सापडत नसे. अपवाद मांडले असते तर नियमही डोक्यातून गेला असता. आधी पास होऊ देत, म्हटलं. मी तुझं वाईट चिंतीन का? सुट्टीत ये, शेजारी बसवून सगळं शिकवते. आणि तुझ्या आईला यातलं काही कळवू नकोस, ती मला फाडून खाईल.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
मावशी

१७ ऑगस्ट

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

शिकवायला नको, मी ग्रंथालयात बसून शिकले. नायट्रोजनचे तीन इलेक्ट्रॉन तीन खोल्यांत एकेकटे, निवांत. ऑक्सिजनचा चौथा कुणाच्या तरी खोलीत घुसतो, दोघांचं पटत नाही, म्हणून एकाला बाहेर काढणं सोपं. इतकंच होतं ते.

पण दुसरंही कळलं. खोलीतल्या मुलीने सहज तिची दहावीची गुणपत्रिका दाखवली. तिला माझ्यापेक्षा चार गुण कमी आहेत. तरी ती अ मध्ये आणि मी ब मध्ये. अकरावीच्या तुकड्या दहावीच्या गुणांवर तूच पाडल्या होत्यास. तेव्हा माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणालीस, थोडक्यात हुकलं गं. दोन वर्षं मी स्वतःला मठ्ठ समजत राहिले, मावशी. केसाने गळा कापलास.

सुट्टीत मी येणार नाही.
ठमी

२६ ऑगस्ट

चि. ठमीस,
अ. उ. आ.

खरं लिहिते. यादीत तुझं नाव अ मध्येच होतं. मी खोडलं. लोक म्हणाले असते, बाईंनी भाचीला वशिल्याने बसवलं. माझं नाव स्वच्छ राहावं म्हणून तुझी जागा दुसरीला दिली. मग ब तुकडीला काय झेपेल हेही मीच ठरवलं, तू रोज समोर बसलेली दिसत असूनही. आईला तू सांगायची गरज नाही, मीच सांगून आले.

सोमवारी यंदाच्या ब तुकडीला तो अपवाद शिकवला, तू लिहिलास तसाच. कळला त्यांना. शेवटच्या बाकावरच्या मुलीने तर पुढचा अपवाद स्वतःच शोधला. घड्याळ पाहिलं. दहा मिनिटं लागली होती.

लोभ ठेव असं लिहायला हात धजत नाही.
तुझी मावशी