एकरी एक

२२ मे
१. वाटाण्याची रांग गेली.
२. कोबीची रोपं गेली. देठ शिल्लक.
३. कुंपणाखाली बीळ. आत ग्राउंडहॉग, म्हणजे घुशीचा खाऊनपिऊन सुखी चुलतभाऊ. मांजराच्या दुप्पट.
४. कुंपण मी डिझाइन केलेलं आहे. कुंपणात दोष नाही.

परसातल्या वाफ्यांचं मला विशेष काही नाही. तो सराव आहे. माझं लक्ष ऑर्विल क्लाइन यांच्या ओढ्याकाठच्या पाच एकरांवर. ते ऐंशीचे, मागे कुणी नाही, पर्ल नावाची म्हातारी घोडी तेवढी. जमीन विकायची आहे, पण जो ती नीट सांभाळेल त्यालाच. सप्टेंबरात ठरवणार. मला जवळजवळ हो म्हणाले आहेत. म्हणजे नाही म्हणालेले नाहीत.

२६ मे
शेजारीण लोरेटा कुंपणावरून म्हणाली, अगं इंजिनियरबाई, जाळी दोन फूट जमिनीत पूर. मी सांगितलं, गणिताप्रमाणे सहा इंच पुरे. मी पूल तपासते. एवढं मला कळतं. ती म्हणाली, मग ते गणित त्याला दाखवलंस का?

३ जून
फावडं घेऊन बिळापाशी दबा धरला. एकच घाव घातला. नेम अचूक होता, ग्राउंडहॉग हलला. पाण्याचा पाइप तुटला. पायाचा अंगठाही मोडला. डॉक्टरांनी विचारलं, कशाने? म्हटलं, साइटवर.

१९ जून
टोमॅटोवर बोटाएवढ्या हिरव्या अळ्या. एकेकीचे कात्रीने दोन तुकडे केले. चष्म्यावर हिरवी चिळकांडी. भोपळ्याच्या वेलात किडा होता. वेल चिरला, सुरीच्या टोकाने तो बाहेर ओढला, विटेने ठेचला. नंतर शांत झोप लागली.
मी मुळात हिंसक नाही.

२ जुलै
पिंजरा लावला, आत खरबूज. सापडला! गजांवर डोकं आपटत होता, नाकाचं रक्त पिंजराभर. लोरेटा म्हणाली, माझा हॅरॉल्ड असता तर पिंजऱ्यासकट पिंपात बुडवला असता, आणि वर जेवायला बसला असता. कसली माणसं! मी लांब नेऊन सोडणार.
मात्र सोडायचा तर जागेच्या मालकाची परवानगी हवी. म्हणून ऑर्विलच्या ओढ्याकाठी सोडला. ती जमीन माझीच होणार आहे. परवानगी मी दिली.
परत आला तर ओळखता यावा म्हणून पाठीवर आधी सर्व्हेच्या खुणा करायच्या नारिंगी स्प्रेने १ लिहिलं. थोडा बुटांवर उडाला.

११ ऑगस्ट
पाचवा सोडला. पाच एकर, पाच जनावरं. एकरी एक. नगण्य.
परसात शांतता. युद्ध जिंकलं. आजचं उत्पन्न: काकडी, एक.

२५ ऑगस्ट
ऑर्विलचा फोन. म्हणाले, पोरी, कुरणाची पार चाळण झालीय. आयुष्यात असं पाहिलं नाही. कुठून आली ही पिलावळ? मी कोरडा उन्हाळा, खाली गेलेलं पाणी, जनावरांचं स्थलांतर असं सगळं समजावलं. ते म्हणाले, शिकलेल्या माणसाचं बरं असतं, प्रत्येक गोष्टीला कारण सापडतं.
कौतुक केलं. पारडं माझ्याकडे झुकतंय.

७ सप्टेंबर
जमिनीचा आराखडा घेऊन गेले. वाफे, विहीर, शेड, सगळं प्रमाणात काढलेलं.
पर्ल कुरणात पडली होती. पुढचा पाय बिळात अडकून मोडलेला, हाड कातडी फाडून बाहेर. उठायला बघायची आणि त्याच पायावर पुन्हा कोसळायची. ऑर्विल म्हणाले, दावं धर. धरलं. त्यांनी तिच्या कपाळावरून हात फिरवला, म्हणाले, झालं गं बाई, झालं. बंदूक टेकवली. दाव्याला एक हिसका बसला, मग सैल पडलं. आराखडा माझ्या काखेत होता. त्यावर रक्त.
मग शेजारच्या बिळातून ग्राउंडहॉगने डोकं काढलं. त्यांनी त्यालाही गोळी घातली. बुटाने वळवून पाहिलं. पाठीवर नारिंगी ३. वरची रेघ सपाट, ड्रॉइंगवर मी काढते तशी.
ते आकड्याकडे पाहत राहिले. मग माझ्या बुटांकडे.
विचारलं, एकूण किती, पोरी?
म्हटलं, पाच.
त्यांनी माझ्या हातातून दावं काढून घेतलं.

१० सप्टेंबर
परसात नवा ग्राउंडहॉग. माझ्यादेखत दुसरी काकडी खाल्ली. पिंजरा लावला नाही. जाळी दोन फूट पुरायला खणते आहे. लोरेटा कुंपणापाशी आली. तिची कुदळ कुंपणाला टेकवून गेली.
पत्राचा तिसरा खर्डा. पहिल्यात कोरडा उन्हाळा होता, दुसऱ्यात जमीन. दोन्ही फाडले.

मिस्टर क्लाइन,
पाचही मीच सोडले. परवानगी तुमची घ्यायला हवी होती. तुम्ही फोनवर विचारलंत तेव्हा मला कारण माहीत होतं.
जमिनीबद्दल विचारत नाही. बिळं बुजवायला यायचं आहे. फावडं माझं आणीन.
येऊ की नको, ते शनिवार, १४ सप्टेंबरपर्यंत कळवावं.
आनेट ब्रूबेकर