मावशीचा धक्का चुकवून गेलेली बोट

स्प्लिट कोव्ह, न्यूफाउंडलंड
केपलिन मासे किनाऱ्याला लागलेत, धुकं आहे

ती. ट्रायफीना मावशीस,

तुझ्या हेडलीचा कमरेतून वाकून नमस्कार. तुझे गुडघे, तुझ्या कोंबड्या आणि तुझा राग ही तिन्ही मंडळी कशी आहेत? पहिल्या दोघांना आराम पडो आणि तिसरा लवकर उतरो, एवढंच मागणं आहे. काल सकाळी तू बोटवाल्यांच्या रेडिओवरून साऱ्या किनाऱ्याला ऐकवलंस, की हेडली नावाचा भाचा आपल्याला कधी नव्हताच. मी तेव्हा दाढी करत होतो, गालावर अजून पट्टी आहे. मावशी, आई गेल्यावर तू मला पदराखाली घेतलंस, वाढवलंस, बदडलंस. तू बोलेनाशी झालीस की मला घास गिळवत नाही (काल मटणाचा एकच वाडगा खाल्ला, कोणालाही विचार). म्हणून शनिवारी तुझ्या धक्क्यावरून बोट न थांबता का गेली, ते सविस्तर लिहितो. तूही सविस्तर वाच. मधेच चुलीत घालू नकोस.

आता, माझा धंदा तुला ठाऊक आहे. पाहुण्यांना बोटीत घालायचं, किनाऱ्याकिनाऱ्याने न्यायचं, सील दाखवायचे, गरुड दाखवायचा, पफिन दाखवायचे, शेवटी भूशिराजवळ देवमासे दाखवून घरी आणायचं. कागदावर फार सोपं आहे. पण ज्याने हा धंदा शोधून काढला त्याला या किनाऱ्यावर नातेवाईक नसणार. कारण जिथे सील तिथे सेल्बीकाका, जिथे गरुड तिथे आपली ब्राइडआक्का, आणि दोघांच्याही स्वयंपाकघरात रेडिओ. मी दुसऱ्या बोटवाल्यांना कळवावं म्हणून ‘निघालो’ एवढं म्हटलं, की तिकडे चहाची आधणं चढतात.

शनिवारी तेच झालं. खडकांवर सील छान पसरले होते, पाहुण्यांनी कॅमेरे काढले, तेवढ्यात सेल्बीकाका धक्क्याच्या टोकाला येऊन उभा. मी लांबूनच हात केला, आज घाई आहे म्हणालो. त्याने शांतपणे बोटीचा दोर ओढून घेतला, खुंट्याला बांधला आणि म्हणाला, “घाई असेल तर चहा लवकर पी.” आता त्याला काय बोलणार? तो माझ्यापेक्षा मोठा, आणि दोर त्याच्या हातात. सगळी वरात वर त्याच्या घरी गेली. तळलेल्या कणकेच्या टाउटन आणि काकवी. टोरांटोचे एक निवृत्त वकील होते, पिंक्नी नावाचे, गळ्यात तोफेएवढा कॅमेरा. ते मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, की मी सील बघायला आलोय, तुमचे काका बघायला नाही. मी म्हटलं, साहेब, काका वर्षभर दिसतात म्हणून त्यांना कमी लेखू नका. आम्ही खाली उतरलो तोवर भरती आली होती आणि सील निघून गेले होते.

पुढे ब्राइडआक्का. तिने चांगल्या कपबशा काढल्या होत्या, म्हणजे सुटका नाही हे मी ओळखलं. मूस हरणाचं मटण, खारवलेला कॉड, वर दलदलीतल्या पिवळ्या बोरांचा मुरंबा. गरुड आला, अगदी खिडकीसमोर आला, वाळत घातलेला मासा उचलून गेला. पण खिडकीकडे सगळ्यांच्या पाठी होत्या, कारण आक्का वाढत होती आणि आक्का वाढत असताना मान वळवायची कोणाची छाती नाही. फक्त लुबाने पाहिला. (लुबा म्हणजे आपल्या दवाखान्यात हिवाळ्यात आलेली नर्स, सस्कॅचवनची, जिथे नजर जाईल तिथे गहू. दर शनिवारी बोटीवर येते. तिचा या हकिकतीशी काही संबंध नाही.) ती माझ्या कानाशी म्हणाली, “तुमचा गरुडसुद्धा जेवूनच जातो.” मी इतका हसलो की आक्काने मला आणखी एक डाव वाढला.

पफिनांच्या बेटापाशी मात्र माणूस राहत नाही, देवाची कृपा. तिथे सगळ्यांनी पोटभर पफिन पाहिले. पोटात जागा नव्हती ती गोष्ट वेगळी. पिंक्नी साहेब डेकवर उताणे पडूनच फोटो काढत होते. एक पफिन तोंडात सहासात मासे आडवे धरून पाण्यावरून उठायची धडपड करत होता, उठता येईना, आपटत आपटत चालला होता. साहेब म्हणाले, “सोड की रे एखादा, बाबा.” मग स्वतःच्याच पोटावरून हात फिरवला. लुबाने टोपी डोळ्यांवर ओढून घेतली आणि खांदे हलवत बसली. (तिचं हसणं असंच असतं, आवाज नाही, नुसते खांदे. हेही सहज लिहिलं.) मावशी, ऊन होतं, वारा पडला होता, पाणी तेल ओतल्यासारखं शांत होतं. इतका चांगला दिवस मला कित्येक वर्षांत आला नव्हता, हे तुझ्यावर रागावलेला असूनही सांगतो. नाही, चुकलो, तू माझ्यावर रागावली आहेस.

तर मग तुझा धक्का. तू लाल एप्रन घालून उभी होतीस, टेबलावरची पांढरी चादर हलवत होतीस, ते मला दिसलं नाही असं म्हणणार नाही. माझे डोळे शाबूत आहेत. पण नेमका त्याच क्षणी बाहेर खोल समुद्रात एक देवमासा उडाला. धंदा म्हणजे धंदा, मला सुकाणू तिकडे वळवावंच लागलं. बोटीच्या अंगावर तुझंच नाव रंगवलेलं, आणि तीच बोट तुला पाठ दाखवून गेली, याचं मला किती वाईट वाटलं ते शब्दांत सांगता येत नाही, म्हणून सांगत नाही. एवढ्याने तुझं समाधान झालं असेल. कोंबड्यांना आशीर्वाद.

तुझाच (तू काहीही म्हण),
हेडली

ता. क. बाहेर देवमासा नव्हता. देवमासे तुझ्या धक्क्यालगतच केपलिन गिळत होते, एक नव्हे, तीन, आणि त्यांच्या फवाऱ्याने तुझा एप्रन भिजला, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. दिवसभरात एकदाच देवमासे दिसले आणि मी त्यांच्यापासून पळालो. पिंक्नी साहेब अजून माझ्याशी बोलत नाहीत. तुम्ही दोघं एकत्र बसा.

ता. क. दुसरा. पळालो तो लुबापायी. मागे बँकेतली ती मुलगी मी तुझ्याकडे आणली, तेव्हा तू तिला दात स्वतःचे आहेत का विचारलंस आणि तोंड उघडून दाखवायला लावलंस. ती दुसऱ्या दिवशीच्या बसने गेली. लुबा गेली तर मला चालणार नाही, मावशी. मी तिला लग्नाचं विचारलं आहे, पफिनांच्या बेटापाशीच. ती होच म्हणणार होती, तेवढ्यात तुझा धक्का आला. ती लाल एप्रनवाली बाई कोण, तिने विचारलं. मी म्हणालो, कोणी नाही. मग देवमाशांच्या गडबडीत सेल्बीकाका रेडिओवर ओरडला (त्याला कोणी कळवलं ते तुलाच ठाऊक), “अरे मेल्या, मावशीला ओळख तरी दे.” तेव्हापासून लुबा म्हणते, ज्याने वाढवणाऱ्या बाईला ‘कोणी नाही’ म्हटलं तो उद्या मला काय म्हणेल? आधी मावशी, मग उत्तर.

ता. क. तिसरा. दार वाजलं म्हणून दचकली असशील. पोलीस नाही, पाद्री नाही, तीच आहे. आपल्याकडे दार वाजवत नाहीत, सरळ आत येतात, हे तिला अजून उमगलेलं नाही, आणि हे पत्र मी पोस्टाने नाही, तिच्याच हाती पाठवलंय. वाचून होईपर्यंत तिला पायरीवर उभी ठेवू नकोस, आत घे. जे विचारायचं ते विचार. दात तिचेच आहेत. मी खाली धक्क्याला बोटीत बसलोय, दोर बांधायची हिंमत झालेली नाही. तीन कप मांडलेस तर खिडकीतून चादर हलव. दोनच मांडलेस तरी तिला पोटभर वाढ, मी बाहेर थांबतो.