जेटचा नंबर

प्रिय खटपट्या,

पत्र बघून दचकू नकोस, कोणी मेलेलं नाही. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तुझ्या बाबांचं नाव काढलं की तुझी रेंज जाते. माझं शिकणं चौथीपर्यंतचं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ शोधत बसू नकोस. मजकूर वाच.

मोटरसायकल सुरू होत नाही. चार महिने जागची हललेली नाही आणि ती मी दुरुस्त करते आहे. हस. आयुष्यभर मागच्या सीटवर बसून प्रत्येक वळणावर ओरडणारी बाई, आता गुडघ्यावर बसून तिचे स्क्रू काढते. किक मारून मारून नडगी काळीनिळी झाली. कपडे शिवायला टाकणाऱ्या बायका दारातूनच विचारतात, काय गं, आता गाड्याही शिवतेस का? त्यांना काय सांगू. आधी टाकीतलं पेट्रोल काढलं, त्याला जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास. नवं भरलं. प्लग काढून इंजिनला टेकवला, किक मारली, ठिणगी चांगली निळी पडली. म्हणजे दोष कार्ब्युरेटरमध्ये. हे मला कोणी शिकवलं म्हणशील, तर तुझ्या बाबांनीच. पण तोंडानं नाही. त्यांचं तोंड बंद आहे आणि उजवं अंगही. अर्धांगाचा झटका आला, भर दुपारी, हातात पाना असताना. आता सांगून टाकलं. पाणी पी आणि पुढचं वाच.

कळवलं नाही ही माझी चूक. तू त्यांच्याबद्दल विचारत नाहीस, मी सांगत नाही, असं करता करता चार महिने गेले. दर रविवारी ठरवायचे की आज सांगायचंच, आणि जेवलास का एवढं विचारून फोन ठेवून द्यायचे. तुमच्या दोघांच्या हट्टात माझी जीभ कधी आखडली, मलाच कळलं नाही.

त्यांचा डावा हात चालतो. एक बोट वर केलं की हो, मूठ केली की नाही. एवढीच आमची भाषा. खाट पुढच्या खोलीत, त्यांच्या गॅरेजच्या दाराशी आणली आहे. व्यायाम करवायला एक मुलगी येते, तिच्यापुढे ते लाकडासारखे पडून राहतात. घास तोंडात धरून ठेवतात, गिळत नाहीत. मी चिडते, मग माझीच मला लाज वाटते. फक्त गाडीकडे बघत बसतात. म्हटलं, माणूस सुरू होत नाही तर निदान गाडी तरी सुरू करू, तिचा आवाज ऐकून काही हललं तर हललं. पलीकडच्या गल्लीतला गॅरेजवाला आपणहून आला होता. त्यानं गाडीला हात लावला मात्र, बाबांनी डाव्या हातानं पाण्याचा ग्लास त्याच्या अंगावर भिरकावला. तो बिचारा उलट्या पावली गेला. तेव्हा वाटलं, आजारानं माणूस चिडका होतो. कारण निराळंच होतं, ते पुढे येईल.

मग मीच बसले. एकेक भाग त्यांच्या डोळ्यांसमोर धरायचा आणि विचारायचं, हा काढू? बोट. हा? मूठ. एका स्क्रूला एक सकाळ. कार्ब्युरेटरची खालची वाटी उघडली तर आत हिरवट चिकट गाळ, महिनोन् महिने न घासलेल्या तेलाच्या बाटलीसारखा. तो धुतला. मग पेट्रोल ज्यातून इंजिनला जातं ते पितळी जेट निघालं, शेंगदाण्याएवढंही नाही, आणि मधलं भोक बुजलेलं. आता बुजलेलं भोक मोकळं करायला माझ्याइतकं हुशार कोण? तीस वर्षं सुई धरली आहे. मशीनच्या खणातली जाड सुई घेतली आणि घातली. बाबा डाव्या हातानं खाट बडवायला लागले. मला वाटलं, लवकर कर म्हणताहेत. मी ओरडले, करते आहे ना, मला काय चार हात आहेत? आणि आणखी जोरानं सुई फिरवली. ते बडवत राहिले, डोळ्यांत पाणी आलं, तरी मी मान वर केली नाही. भोक स्वच्छ झालं म्हणून मीच खूश.

सगळं जोडलं. तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली! मी टाळ्या वाजवल्या रे. पण काळा धूर, गुदमरल्यासारखा आवाज, आणि बंद. प्लग काढला तर पेट्रोलनं ओला आणि काजळीनं काळाकुट्ट. पुसला, पुन्हा तेच. बाजूचा हवेचा स्क्रू आत फिरवला, बाहेर फिरवला, काही फरक नाही. बाबांनी भिंतीकडे तोंड केलं.

शेवटी कार्ब्युरेटरच पिशवीत घालून स्पेअर पार्टच्या दुकानात गेले. दुकानदारानं जेट उजेडात धरलं आणि विचारलं, काकू, सुई घातलीत का? भोक मोठं झालंय, आता पेट्रोल जास्त येणार. जेट तोंडानं फुंकून नाहीतर हवा मारून साफ करतात, लोखंड घालत नाहीत. म्हटलं, नवं दे. तो म्हणाला, कितव्या नंबरचं? नंबर म्हणजे भोकाचं माप. जेटवरचा नंबर तर कोणीतरी कानशीनं घासून काढलेला आहे. आणि काकू, हा तुमच्या गाडीचा कार्ब्युरेटरच नाही, दुसऱ्या मोठ्या गाडीचा बसवलाय.

तुझाच तो, तू आपल्या गाडीला बसवलेला. ज्यावरून त्यांनी गिऱ्हाइकांदेखत तुझ्या कानाखाली वाजवली. कंपनीचे इंजिनिअर गाढव आणि तू शहाणा का, असं म्हणून गाडीवरून उपटून कोपऱ्यात फेकला होता, आणि तू संध्याकाळी बॅग भरलीस. नंबर तूच घासला असशील, कितीचं जेट घातलंस ते त्यांना कळू नये म्हणून. घरी येऊन गॅरेजमधली फळी धुंडाळली. कंपनीचा मूळचा कार्ब्युरेटर एका पत्र्याच्या डब्यात, तेल लावून, माझ्याच शिवणाच्या चिंधीत गुंडाळलेला. म्हणजे तू गेल्यावर कधीतरी, कोणाला न सांगता, त्यांनी तुझा कार्ब्युरेटर परत बसवला. दोन वर्षं त्यावरच फिरले. मला मागे बसवून फिरले आणि वर म्हणायचे, बघ, चढावर आता दमत नाही. आणि तो गॅरेजवाला ते बघणार म्हणून ग्लास भिरकावला. असा हा माणूस.

काल तो मूळचा कार्ब्युरेटर त्यांच्यासमोर धरला. म्हटलं, हा बसवते, गाडी लगेच सुरू होईल. मूठ. पुन्हा विचारलं. मूठ. चार वेळा विचारलं, चार वेळा मूठ. मी भांड्यांवर राग काढला, आणि परत येऊन विचारलं, पोराला बोलावू? बोट नाही, मूठ नाही. हात नुसता उघडा पुढे केला आणि खाटेजवळच्या वाटीकडे बघत राहिले, जिच्यात ते बिघडलेलं जेट पडलं होतं. मी ते त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी मूठ मिटली. झोपले तरी सोडलं नाही, आज अंघोळ घालतानाही सोडलं नाही. आता ती मूठ म्हणजे नाही, की नुसती जेट धरायला, हे मला समजत नाही. माझी अक्कल इथे संपली, खटपट्या. म्हणून हे पत्र. जेटचा नंबर डोक्यात असेल तर लिहून पाठव, मी आणून बसवीन. नसेल तर येऊन बघ. पण ते जेट त्यांच्या मुठीत आहे, आणि ती मूठ माझ्यानं उघडत नाही.

तुझीच, तेलकट हातांची
आई